सात वर्षांच्या राजाची आई : सिल्लाच्या राजमाता जिसोचा कारभार (इ.स. ५४०–५५१)

इ.स. ५४० च्या सातव्या चांद्रमासात सिल्लाचा राजा बॉपहुंग मरण पावला. कोरियन द्वीपकल्पाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या या राज्याची राजधानी आजच्या ग्यॉंगजू शहराच्या जागी होती. उत्तरेला गोगुर्यॉ आणि पश्चिमेला बेक्जे अशी दोन बलाढ्य राज्ये होती आणि त्या तिघांत सिल्लानेच सर्वांत उशिरा बाळसे धरले होते. बॉपहुंगला मुलगा नव्हता आणि त्याचा धाकटा भाऊ इपजोंग तीन वर्षे आधीच वारला होता. म्हणून गादीवर बसवण्यात आला तो इपजोंगचा मुलगा साममेकजोंग, ज्याला इतिहास जिन्हुंग या नावाने ओळखतो. इ.स. ११४५ मध्ये सिद्ध झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिवृत्तात त्याचे वय सात दिले आहे. जन्मताच एक वर्ष धरण्याची तिकडची रीत लक्षात घेतली, तर आपल्या हिशेबाने हे मूल जेमतेम सहा वर्षांचे होते. राजा लहान असल्यामुळे राजमातेने कारभार पाहिला, असे त्याच नोंदीत पुढे म्हटले आहे, आणि राजमातेच्या वाट्याला त्यात अवघी पाच चिनी अक्षरे आली आहेत.

ही राजमाता म्हणजे बॉपहुंगची मुलगी, इपजोंगची विधवा आणि बालराजाची आई जिसो, असे मानण्यास चांगला आधार आहे. तिच्या कारभाराची सुमारे अकरा वर्षे सिल्लाच्या इतिहासात सहसा जिन्हुंगच्या पराक्रमांची प्रस्तावना म्हणून उरकली जातात. कोरियन मालिका पाहणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना जिसो माहीत असते, पण ती कटकारस्थानांत गुंतलेली, मुलाला लपवून ठेवणारी कठोर राणी म्हणून. त्या चित्राला जुन्या साधनांत आधार नाही. साधने मोजकीच आहेत, पण ती एकत्र ठेवली की दिसते ते याहून पुष्कळ वेगळे आणि माझ्या मते जास्त विचार करायला लावणारे आहे. नुकतीच बळकट झालेली राजसत्ता एका लहान मुलाच्या आणि एका विधवेच्या हाती आली असताना ती सरदारांच्या हाती परत का गेली नाही, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

गादीची उंची

या प्रश्नाचे वजन कळण्यासाठी गादी किती नवी होती हे पाहावे लागते. पोहांगजवळच्या नेंगसु-री येथे १९८९ मध्ये सापडलेल्या शिलालेखात, म्हणजे इ.स. ५०३ मध्ये, मालमत्तेच्या एका तंट्याचा निवाडा ‘या सात राजांनी’ मिळून केल्याची नोंद आहे. सिल्लाचा राजा तेव्हा राजधानीतल्या बड्या घराण्यांच्या प्रमुखांबरोबर एका ओळीत उभा होता. त्याला मान पहिला असला तरी शब्द त्याच्या एकट्याचा नव्हता. बॉपहुंगने हे चित्र पालटले. त्याने ५१७ मध्ये सेनाखाते स्थापले, ५२० मध्ये कायदे जाहीर करून अधिकाऱ्यांच्या पोशाखांचे रंग दर्जानुसार ठरवून दिले, इचादोन या बौद्ध दरबाऱ्याच्या बलिदानानंतर बौद्ध धर्माला राजमान्यता दिली, ५३१ मध्ये सरदारमंडळाच्या प्रमुखाचे पद निर्माण केले, ५३२ मध्ये दक्षिणेचे गुमग्वान गाया हे राज्य पदरात पाडून घेतले आणि ५३६ मध्ये सिल्लाचा स्वतःचा पहिला शक सुरू केला. सरदारमंडळाला प्रमुख देण्याचा एक अर्थ असा, की राजा आता त्या मंडळाचा सभासद उरला नाही, त्याच्या वर गेला. ५३९ च्या एका कोरीव लेखात त्याला ‘महाराज’ म्हटलेले आढळते.

छत्तीस वर्षांत गादी एवढी वर आली, आणि वर आणणारा माणूस एकाच पिढीचा होता. ज्यांच्या वाडवडिलांनी राजाच्या मांडीला मांडी लावून निवाडे दिले, ते सरदार अजून हयात होते. सहा वर्षांचे मूल गादीवर आले म्हणजे जुनी वहिवाट परत आणण्याची याहून चांगली संधी त्यांना मिळणार नव्हती.

एक मूल, दोन विभाग

सिल्लाची राजधानी सहा विभागांत वाटलेली होती. त्यांना ‘बु’ म्हणत, आणि प्रत्येक सरदार आपल्या नावाआधी आपल्या विभागाचे नाव लावी. त्यांत ताक-बु आणि साताक-बु हे दोन सर्वांत प्रबळ. उल्जिन जिल्ह्यात बोंगप्यॉंग येथे १९८८ मध्ये एका शेतात मिळालेल्या ५२४ च्या शिलालेखात बॉपहुंगचे नाव ताक-बुचा राजा म्हणून येते, आणि त्याच्या लगेच खाली साताक-बुचा ‘गाल्मुनवांग’ म्हणून साबुजी हे नाव येते. गाल्मुनवांग ही राजाच्या निकटच्या आप्तांना मिळणारी, राजाच्या खालोखालची पदवी होती, आणि साबुजी म्हणजेच इपजोंग. सख्खे भाऊ असूनही दोघे दोन वेगळ्या विभागांच्या अग्रभागी होते, ही बाब बाराव्या शतकातल्या इतिवृत्तात कुठेच नाही. ती दगडानेच सांगितली.

बॉपहुंगने आपली मुलगी याच भावाला दिली. चुलता-पुतणीचे लग्न ही गोष्ट आपल्या वाचकाला ऐकवत नाही, पण सिल्लाच्या राजघराण्यात रक्ताची शुद्धता हाच गादीवरचा हक्क होता आणि घरातल्या घरात सोयरीक करणे हा त्या हक्काला कुंपण घालण्याचा मार्ग होता. या लग्नाचा दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जिसोचा मुलगा आईकडून ताक-बुच्या राजाचा नातू आणि वडिलांकडून साताक-बुच्या गाल्मुनवांगाचा मुलगा होता. तो लहान होता, पण त्याच्या जागी दुसरा कोणी बसवायचा तर या दोन विभागांपैकी एकाला तरी काहीतरी गमवावे लागले असते. शिवाय राजमातेच्या कारभारात पूर्व आशियात ज्याची सर्वांत धास्ती असे, ते मामांचे राज्य इथे येण्याची वाटच नव्हती. जिसोचे माहेर आणि सासर एकच होते; तिच्या पाठीमागून दरबारात शिरणारे परके घराणेच नव्हते.

या कुटुंबाचे एक दर्शन आपल्याला अगदी जवळून घडते. आजच्या उल्सानच्या हद्दीत, चॉन्जॉन-री येथे ओढ्याकाठी सुमारे साडेनऊ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच असा एक कातळ आहे. त्याचा माथा किंचित पुढे झुकलेला असल्यामुळे पावसाचे पाणी त्याच्या मुखावर उतरत नाही. वरच्या भागात प्रागैतिहासिक काळातली वर्तुळे, चौकट आणि प्राणी कोरलेले आहेत आणि खाली सिल्लाकालीन अक्षरे. डिसेंबर १९७० मध्ये विद्यापीठीय संशोधकांच्या एका पथकाला तो सापडला, आणि जुलै २०२५ मध्ये बांगुचॉन ओढ्याकाठच्या कोरीव चित्रांबरोबर त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या कातळावर शेजारी शेजारी दोन लेख आहेत. पहिला ५२५ चा : साताक-बुचा गाल्मुनवांग आपल्या बहिणीसह इथे फिरायला आला, त्याला ही दरी आवडली आणि त्याने दगडावर अक्षरे कोरून घेतली. दुसरा ५३९ चा : गाल्मुनवांग ५३७ मध्ये वारला, त्याची राणी त्याच्या आठवणीने व्याकूळ होऊन, त्याने आणि त्याच्या बहिणीने लिहिलेला दगड पाहायला सातव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी या दरीत आली. तिच्याबरोबर महाराज बॉपहुंगची राणी होती आणि गाल्मुनवांगाचा मुलगा होता. मुलाचे नाव सिममेकबुजी असे कोरले आहे, आणि सामगुक सागीत जिन्हुंगचे पर्यायी नाव सिममेकबु असेच दिले आहे. राणीचे नाव अभ्यासक जिमोलसिह्ये असे वाचतात आणि बहुतेकांच्या मते तीच जिसो.

दोन्ही लेखांत शेवटी जेवण रांधणाऱ्यांची नावे आहेत. या दासी नव्हत्या, अधिकाऱ्यांच्या बायका होत्या. त्यांतली एक दोन्ही लेखांत येते : जिन्युकजी नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी. ५२५ मध्ये तिचा नवरा सिल्लाच्या सतरा दर्जांपैकी आठव्या दर्जावर आहे, ५३९ मध्ये चौथ्या. चौदा वर्षांत तो माणूस एवढा वर चढला, आणि त्याची बायको तरीही त्याच घरातल्या माणसांबरोबर दरीत येऊन चूल पेटवते आहे. जिसोभोवती जुनी, घरोब्याची, दरबारात वजन असलेली माणसे होती, हे या दोन ओळींतून जितके स्पष्ट होते तितके कुठल्याही इतिवृत्ताने सांगितलेले नाही. शोकासाठी केलेला हा प्रवास होता यात मला शंका वाटत नाही. पण राजाची राणी, राजाची विधवा लेक आणि राजाचा एकमेव सोयीचा वारस हे तिघे एकत्र बाहेर पडतात, आणि तिघांची नावे दगडावर एकत्र कोरली जातात, तेव्हा पुढच्या वर्षी गादीवर कोण बसणार हे दरबारात ठाऊक असावे. बॉपहुंगच्या मृत्यूला तेव्हा वर्षच उरले होते.

राजमाता कोण, याबद्दल मतभेद आहे. सामगुक सागी राजमातेचे नाव देत नाही, त्यामुळे ती बॉपहुंगची विधवा, म्हणजे राजाची आजी बोदो असावी असेही काही अभ्यासक मानतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इर्यॉन या भिक्षूने रचलेले ‘सामगुक युसा’ मात्र स्वच्छ सांगते की कारभार पाहणारी राजमाता ही बॉपहुंगची मुलगी आणि इपजोंगची पत्नी होती. तोच ग्रंथ राजाचे वय गादीवर येताना पंधरा देतो, जे कारभाराच्या लांबीशी जुळत नाही. म्हणून वयाच्या बाबतीत सामगुक सागी आणि नात्याच्या बाबतीत सामगुक युसा धरून चालणे मला रास्त वाटते.

पहिले वर्ष

इतिवृत्तातली सगळी वाक्ये ‘राजाने’ अशी सुरू होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाने माफीचे हुकूम काढले नसणार हे उघड आहे, पण म्हणून प्रत्येक निर्णय एकट्या जिसोच्या नावावर टाकणेही बरोबर नाही. सरदारमंडळ होते, अनुभवी सेनानी होते. तरीही राजमुद्रा ज्या घरात होती त्या घराची संमती नसताना यातले काहीच झाले नसते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

आठव्या महिन्यात, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर महिनाभरात, सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि सर्व मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांचा दर्जा एकेक पायरीने वाढवण्यात आला. दहाव्या महिन्यात भूकंप झाला आणि अवेळी पीच व आलुबुखाराची झाडे फुलली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे दोन्ही अपशकुन होते, आणि स्त्रीच्या कारभाराविरुद्ध बोट दाखवायला ते पुरेसे होते. तसे कोणी दाखवल्याची नोंद नाही. दर्जावाढ दोन महिने आधीच पदरात पडलेली होती, हे त्यामागचे एक साधे कारण असू शकते.

खरा निर्णय ५४१ च्या तिसऱ्या महिन्यात झाला. ईसाबु याला सेनामंत्री करून आतल्या-बाहेरच्या सर्व फौजेची जबाबदारी देण्यात आली. हा साधा सरदार नव्हता. तो नेमुल राजाच्या वंशातला, म्हणजे राजाच्याच किम घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला होता. ५०५ मध्ये सिल्लाने प्रांताधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केली तेव्हाचा पहिला अधिकारी तो होता आणि ५१२ मध्ये उसान, म्हणजे आजचे उल्लुंग बेट, त्याने जिंकले होते. लाकडाचे सिंह होड्यांवर चढवून, शरण आला नाहीत तर ही जनावरे तुमच्यावर सोडू, अशी धमकी देऊन त्याने ते बेट घेतले असे इतिवृत्त सांगते. साऱ्या फौजेवर हुकूमत, राजवंशाचे रक्त आणि तीन तपांचा लौकिक ज्याच्यापाशी आहे अशा माणसाने बालराजाला बाजूला सारल्याची उदाहरणे जगात शेकड्यांनी आहेत. ईसाबुने तसे केले नाही. तो पुढे ५६२ पर्यंत त्याच राजासाठी लढत राहिला. त्याच्या निष्ठेचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण नुसत्या निष्ठेवर भिस्त ठेवलेली नव्हती, हे तीन वर्षांनी दिसले.

त्याच ५४१ मध्ये बेक्जेने वकील पाठवून सलोखा मागितला आणि सिल्लाने तो दिला. यामुळे पश्चिम सीमा जवळजवळ दहा वर्षे शांत राहिली. लहान राजा असलेल्या राज्याला याहून मोठी मदत बाहेरून मिळाली नसती.

इ.स. ५४४

या एका वर्षाकडे अभ्यासकांनी जेवढे लक्ष दिले पाहिजे तेवढे दिलेले मला आढळत नाही, कारण त्याच्या नोंदी सामगुक सागीत दोन ठिकाणी विखुरल्या आहेत. राजाच्या वर्षवार वृत्तांतात ५४४ खाली दोनच गोष्टी आहेत : दुसऱ्या महिन्यात हुंग्न्युन्सा हा राजधानीतला थोर विहार पूर्ण झाला, आणि तिसऱ्या महिन्यात लोकांना घर सोडून भिक्षू किंवा भिक्षुणी होण्याची परवानगी मिळाली. परंतु त्याच ग्रंथाच्या उत्तरार्धात अधिकारपदांची जी प्रकरणे आहेत ती चाळली, तर जिन्हुंगच्या पाचव्या वर्षी, म्हणजे नेमक्या त्याच ५४४ मध्ये, आणखी तीन गोष्टी झालेल्या दिसतात. सेनामंत्र्याचे पद तोवर एक होते. त्या वर्षी दुसरे वाढवण्यात आले. अधिकाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या कचेरीत दोन वरिष्ठ अधिकारी नेमण्यात आले. आणि सिल्लाच्या सहा प्रमुख सेनादलांपैकी पहिले, ‘देदांग’ म्हणजे महाध्वज दल, उभे राहिले.

या पाचही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. ५४१ मध्ये जी फौज एका माणसाच्या हवाली केली होती, तिच्या मंत्रिपदावर ५४४ मध्ये दुसरा माणूस बसला. ईसाबुला न दुखावता, त्याचे पद न काढता त्याच्या शेजारी खुर्ची टाकण्यात आली. फौज विभागांच्या सरदारांची न राहता राजाच्या ध्वजाखालचे कायम दल बनू लागली. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची विचारपूस करणारे लोक नेमले गेले. बॉपहुंगने निर्माण केलेल्या सरदारमंडळाच्या प्रमुखपदावरचा पहिला माणूस ५३४ मध्ये वारला होता, आणि त्या पदावरच्या पुढच्या नेमणुकीची नोंद इतिवृत्तात थेट ५७६ मध्ये सापडते. म्हणजे या सगळ्या काळात गादी आणि सरदार यांच्यामध्ये कोणी एक वजनदार मध्यस्थ उभा केलेला दिसत नाही. हे एखाद्या घाबरलेल्या, दिवस ढकलणाऱ्या दरबाराचे वर्ष नाही.

आणि विहार? हुंग्न्युन्साचे काम बॉपहुंगने सुरू केले होते, त्यावरून सरदारांशी त्याचा संघर्ष झाला होता, आणि इचादोनच्या बलिदानाची कथाही याच विहाराच्या बांधकामाशी जोडलेली आहे. तो पूर्ण करणे म्हणजे वडिलांचे अपुरे काम तडीस नेणे होते, आणि सामान्य माणसाला प्रव्रज्येची मोकळीक देणे म्हणजे राजाने आणलेला धर्म राजवाड्याबाहेर नेणे. सहा विभागांची आपापली जुनी दैवते आणि आपापले यज्ञ होते. बुद्ध मात्र कोणा एका विभागाचा नव्हता. ५४९ मध्ये चीनच्या लिआंग राजवटीचा दूत गाकदॉक या सिल्लाच्या भिक्षूबरोबर बुद्धाचे अवशेष घेऊन आला, तेव्हा साऱ्या अधिकाऱ्यांना याच विहारासमोरच्या रस्त्यावर स्वागतासाठी उभे करण्यात आले. पाच वर्षांपूर्वी पुरा झालेला विहार असा सगळ्या दरबाराला एका ओळीत उभे करण्याची जागा बनला.

इतिहास लिहिण्याचा हुकूम

५४५ मध्ये ईसाबुने विनंती केली की राज्याचा इतिहास हा राजा आणि सेवक यांचे भलेबुरे नोंदवून पुढच्या पिढ्यांपुढे ठेवण्यासाठी असतो. तो लिहून ठेवला नाही तर मागून येणाऱ्यांनी काय पाहावे? विनंती मान्य झाली आणि गॉचिल्बु याला विद्वान जमवून ‘गुकसा’ म्हणजे राष्ट्रेतिहास सिद्ध करण्यास सांगण्यात आले. गॉचिल्बुही राजवंशातलाच. तरुणपणी डोके भादरून भिक्षूच्या वेषात तो गोगुर्यॉत हेरगिरीसाठी गेला होता आणि तिथे ह्येर्यांग या आचार्याचे प्रवचन ऐकायला बसला. आचार्याने त्याला ओळखले आणि पकडला जाण्याआधी परत जा, असे बजावले. गुकसा आज उपलब्ध नाही. पण त्याची वेळ बोलकी आहे. राजा तिकडच्या गणनेने बारा वर्षांचा असताना राजवंशाची परंपरा अधिकृतपणे लिहून काढणे म्हणजे कोण कोणाचा वंशज आणि कोणाचा हक्क कुठून आला हे पक्के करणे होते. बोलाचालीतल्या वंशावळी प्रत्येक घराण्याच्या वेगळ्या असतात; लिहिलेली एकच असते आणि ती लिहवून घेणाऱ्याची असते.

दहा वर्षांचा संयम

या काळातले युद्धाचे धोरण पाहिले की माझा जिसोच्या दरबाराबद्दलचा आदर वाढतो. ५४८ मध्ये गोगुर्यॉने बेक्जेच्या दोक्सान किल्ल्यावर चाल केली तेव्हा बेक्जेच्या विनंतीवरून सिल्लाने तीन हजार सैनिक पाठवले, आणि शत्रू मागे हटला. कराराचे पालन झाले, पण त्याहून जास्त काही पणाला लावले नाही. मग ५५० मध्ये बेक्जेने गोगुर्यॉचा दोसाल किल्ला घेतला, गोगुर्यॉने बेक्जेचा गुमह्यॉन घेतला, आणि दोघांची फौज थकलेली पाहून ईसाबुने दोन्ही किल्ले जिंकले, ते वाढवून बांधले आणि हजार सैनिक तिथे ठेवले. मित्राचा किल्ला मित्राला परत केला नाही. हे कृत्य सरळ नव्हते, आणि पुढे बेक्जेशी जे वैर झाले त्याचे बी इथेच पेरले गेले.

जिंकलेल्या मुलखात काय केले जाई याचा नमुना दानयांग येथे, दक्षिण हान नदीवरच्या जॉक्सॉंग किल्ल्यात जानेवारी १९७८ मध्ये सापडलेल्या शिलालेखात आहे. तो ५५० च्या सुमाराचा मानला जातो. राजा ईसाबुसह वरिष्ठ सरदारांना आज्ञा देतो आणि त्या आज्ञेत सिल्लाला मदत करणाऱ्या यायिचा नावाच्या स्थानिक माणसाचा गौरव आहे; त्याच्या घरच्या माणसांना, त्यांत बायकांनाही, काय मिळावे हे सांगितले आहे, आणि पुढेही जो कोणी असे काम करील त्याला, मग ते मूल मुलगा असो वा मुलगी, मोठे असो वा लहान, तसेच बक्षीस मिळेल असा आशय आहे. सीमेवरच्या परक्या खेड्यातल्या एका कुटुंबाचे नाव राजाज्ञेत कोरणे हा तिथल्या बाकीच्या कुटुंबांना दिलेला निरोप होता. या लेखात राजा आज्ञा देणारा आहे आणि सरदार ती घेणारे आहेत. ५०३ च्या ‘सात राजां’पासून सिल्ला इथवर आले होते, आणि या वाटेवरची शेवटची दहा वर्षे गादीवर मूल होते.

कारभार सोपवणे

कारभार कधी संपला हे इतिवृत्त सांगत नाही. ५५१ च्या पहिल्या महिन्यात शक बदलून ‘गेगुक’, म्हणजे राष्ट्राचा आरंभ, हा नवा शक सुरू झाला, आणि त्या वर्षी राजा तिकडच्या गणनेने अठरा वर्षांचा होता; म्हणून तेव्हाच त्याने सूत्रे हाती घेतली असे बहुतेक अभ्यासक धरतात. तिसऱ्या महिन्यात तो मुलखाच्या दौऱ्यावर निघाला आणि नांगसॉंग येथे त्याने गाया राज्यातून आलेल्या उरुक या वादकाचे गायागुम हे तंतुवाद्य ऐकले. त्याच वर्षी गॉचिल्बु आणि आठ सेनानींनी बेक्जेच्या बरोबरीने गोगुर्यॉवर स्वारी केली आणि हान नदीच्या वरच्या खोऱ्यातले दहा जिल्हे जिंकले. तिथे गॉचिल्बुला तो जुना आचार्य ह्येर्यांग भेटला. तो त्याला सिल्लात घेऊन आला आणि राजाने त्याला संघाचा प्रमुख नेमले.

मुलगा वयात आल्यावर आईने बाजूला होणे सोपे वाटते, पण तसे क्वचित होते. इथे ते झाले आणि त्याला कोणताही तंटा चिकटलेला नाही. सामगुक युसा सांगते की राजमातेने अखेरीस केस उतरवले आणि भिक्षुणीची वस्त्रे नेसून देह ठेवला. ज्या धर्माची दारे ५४४ मध्ये सर्वांना उघडली त्यात ती स्वतः गेली, यात मला तिच्या श्रद्धेचा खरेपणा दिसतो.

त्याच राज्यातला दुसरा प्रसंग

हा उपाय नेहमी चालत नव्हता. ७६५ मध्ये, द्वीपकल्पाचा मोठा भाग सिल्लाच्या हाती आल्यानंतर जवळजवळ शतकभराने, ह्येगोंग हा आठ वर्षांचा राजा गादीवर आला आणि त्याची आई मानवॉल हिने कारभार हाती घेतला. तीनच वर्षांत देगोंग नावाच्या सरदाराने भावासह बंड करून राजवाड्याला तेहतीस दिवस वेढा घातला. बंडे होत राहिली आणि ७८० मध्ये राजा मारला गेला. मानवॉल अकर्तबगार होती असे म्हणण्यास आधार नाही. ७७१ मध्ये पूर्ण झालेली सॉंगदॉक राजाची प्रचंड घंटा तिच्याच काळातली. पण त्या घंटेवरच्या लेखात तिची स्तुती करताना, राजाच्या मामाच्या शहाणपणाचा तिला आधार होता असेही कोरलेले आहे. आठव्या शतकात राणीचे माहेर हे वेगळे, स्वतःचे हितसंबंध असलेले घर होते. दुसरीकडे राजघराण्याच्याच इतक्या शाखा फुटल्या होत्या की मूल बाजूला झाले तर आपला नंबर लागेल अशी आशा अनेकांना होती. जिसोच्या वेळी गादीच्या जवळ पोचणारे रक्त मोजक्या माणसांत होते आणि त्यांतले दोन मोठे प्रवाह तिच्या मुलात मिळाले होते.

जिसोची खापरपणती सॉंदॉक ६३२ मध्ये सिल्लाची पहिली राणी म्हणून स्वतःच्या नावाने गादीवर बसली. तिच्या कारकिर्दीच्या शेवटी, ६४७ मध्ये, बिदाम या सरदारमंडळाच्या प्रमुखाने, स्त्रीला राज्य नीट चालवता येत नाही, हे कारण पुढे करून बंड पुकारले; आणि सामगुक सागीचा कर्ता किम बुसिक याने तिच्या वृत्तांताच्या अखेरीस स्वतःचा अभिप्राय जोडून, बाईने राज्य करणे हीच मुळी अराजकाची खूण, असे कडक शब्दांत लिहिले. हाच किम बुसिक ५४० च्या नोंदीवर एक अक्षरही टीका करत नाही. जिसोचे प्रत्येक काम मुलाच्या नावाने झाले होते, त्यामुळे बंडखोरांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही आणि इतिवृत्तकारालाही नाही. त्याच कारणाने तिचे श्रेयही मुलाच्या वृत्तांतात गेले, आणि ते वेगळे काढायचे तर आज विहाराची तारीख, दुसऱ्या सेनामंत्र्याच्या पदाची नोंद आणि चॉन्जॉन-रीच्या कातळावरच्या ओळी शेजारी शेजारी मांडून वाचाव्या लागतात.